बुडालेली रोजी

घुग्घुस, माजरी, बल्लारपूर अशा कोळशाच्या गावांत कबड्डी खेळणाऱ्या पोराला सामन्याआधी एक काम उरकावं लागतं. पाळी बदलून घ्यावी लागते. पक्क्या नोकरीतल्याला रजा तरी मिळते. कंत्राटी कामगाराचा तो दिवस बुडतो. वडसा-आरमोरीच्या बाजूला हाच पेच धान कापणीला येतो आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात तर घरातलं कुणीच मोकळं नसतं. खेळ परवडतो का, हा प्रश्न इकडे रोजीच्या हिशोबात विचारला जातो.

२९ ऑगस्ट १८९५ रोजी इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड गावी, जॉर्ज हॉटेलात, उत्तरेकडचे वीसहून अधिक रग्बी क्लब याच हिशोबावरून जुन्या संघटनेतून बाहेर पडले. त्यांचे खेळाडू खाणीत आणि गिरण्यांत राबणारे. सामन्यापायी बुडालेली मजुरी क्लबने भरून द्यावी, एवढीच मागणी होती. खेळाला पैशाचा विटाळ नको, म्हणून जुन्या संघटनेने ती १८९३ मध्येच फेटाळली होती. त्या फुटीतून पुढे रग्बी लीग हा तेरा खेळाडूंचा वेगळा खेळ उभा राहिला. १८९८ मध्ये खेळाडूंना उघड मानधन देणं मान्य झालं, पण अट अशी की खेळाडूला दुसरा कामधंदा असलाच पाहिजे. मला ही अट फार शहाणपणाची वाटते. खेळाडू गावातच राहिला, त्याच खाणीत उतरला, आणि क्लब त्या गावाचा राहिला.

हा इतिहास मला उशिरा कळला, आणि कळला तेव्हा माझी एक जुनी इच्छा डळमळली.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग आठ संघांनी सुरू झाली. २०१७ मध्ये चार संघ वाढून बारा झाले. महाराष्ट्राचे मात्र दोनच राहिले, यू मुंबा आणि पुणेरी पलटण. ज्या विदर्भातल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी जगाला दाखवली, त्या विदर्भाच्या वाट्याला काहीच नाही, हे मला लागायचं. एखादा मोठा उद्योगपती पुढे यावा, संघ विकत घ्यावा, नावात विदर्भ यावं. विस्तार म्हणजे नकाशावर एक नवा ठिपका, एवढीच माझी समजूत होती.

रग्बी लीगने असे ठिपके बरेच काढले. १९९६ मध्ये सुपर लीग ही त्या खेळाची अव्वल स्पर्धा सुरू होताना पॅरिसला संघ दिला गेला. शहर मोठं, नाव त्याहून मोठं. दोन हंगामांत सगळं गुंडाळलं गेलं. कॅनडातला टोरांटोचा संघ २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीतून सुरू झाला आणि २०२० मध्ये थेट सुपर लीगमध्ये पोचला. त्याच वर्षी महामारी आली, मुख्य मालकाचा हात आखडला, खेळाडूंचे पगार थकले आणि जुलैत संघ स्पर्धेतून बाहेर पडला.

टिकला तो पेर्पिन्यांचा. दक्षिण फ्रान्समधल्या या कातालान मुलखात रग्बी लीग १९३० च्या दशकापासून रुजलेली होती. दुसऱ्या महायुद्धात विशी सरकारने खेळावर बंदी घातली, मालमत्ता जप्त केली, तरी लोकांनी तो सोडला नाही. २००० साली तिथले दोन स्थानिक क्लब एकत्र आले, २००६ मध्ये त्यांचा संघ सुपर लीगमध्ये गेला आणि २०१८ मध्ये त्याने चॅलेंज कप जिंकला. इंग्लंडबाहेरच्या संघाने तो जिंकण्याची ती पहिलीच वेळ. तिथे ठिपका काढावा लागलाच नाही. तो आधीपासून होता.

मग मी आपल्याकडच्या खेड्यातल्या कबड्डी स्पर्धेचं पत्रक नव्या नजरेने वाचू लागलो. पहिलं बक्षीस सरपंचांतर्फे, दुसरं कृषी केंद्रवाल्यातर्फे, तिसरं गुरुजींतर्फे, उत्कृष्ट पकडीचं कुणा आजोबांच्या स्मरणार्थ. पूर्वी मला ही नावांची गर्दी गावंढळ वाटायची. आता वाटतं, यातलं एक नाव पुढच्या वर्षी गळलं तरी स्पर्धा होईल. टोरांटोकडे हे पत्रक नव्हतं.

झाडीपट्टीच्या नाटकांनी तर हे गणित केव्हाच सोडवलं आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडईच्या जत्रांपासून नाटकांचा हंगाम लागतो. धान घरात येतं, हातात चार पैसे असतात, पाहुणे आलेले असतात. वडशाच्या नाट्यमंडळींशी गावातलं मंडळ प्रयोग ठरवतं, तिकिटं विकतं आणि खेळ रात्रभर चालतो. मुंबई-पुण्याचा एखादा कलावंत बोलावला तरी कणा झाडीचाच असतो. व्यवसाय पूर्ण, पण पंचांग शेतीचं. कबड्डीची व्यावसायिक साखळी इथे आली तर तिचं वेळापत्रक टीव्हीने ठरवावं की धानाने, हे मला आता मालकाच्या नावापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

राहिला हे ठरवायचं कुणी, हा नेतृत्वाचा मुद्दा, आणि तिथे मला धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडे पाहावंसं वाटतं. तिथले नेते म्हणून देवाजी तोफांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. त्या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर विषय पुन्हा पुढच्या सभेत. त्यासाठी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावाने अभ्यासगट चालवले. वेळ लागतो. पण २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाले, तेव्हा ते सांभाळायला अख्खं गाव तयार होतं. नेता एकटा पुढे आणि माणसं मागे, अशी ती रचना नव्हती. ज्यांना झीज सोसायची, तेच ठरवणारे होते.

क्लबच्या बैठकीतही असं व्हावं. नवा संघ काढायचा की नाही, हे ठरवताना कंत्राटी पाळीतला चढाईपटू तिथे असावा, रोवणीला माणूस कमी पडेल म्हणून कुरकुरणारी त्याची आई असावी, पत्रकावरचे कृषी केंद्रवालेही असावेत. आईने नको म्हटलं तर विषय पुढच्या सभेत जावा. आणि मंडळाच्या वहीत बक्षिसांच्या रकान्याआधी एक रकाना आखलेला असावा : कुणाची किती रोजी बुडाली, आणि ती कुणी भरली.