शिडाची शिकवणी

पार्ल्यात हनुमान रोडवर सकाळी निवृत्त गुरुजी फिरायला निघतात. शाळा सुटून वीस वर्षं झाली, तरी समोरच्या पोराच्या बुटाची सुटलेली नाडी त्यांना दिसतेच. त्यांना पाहिलं की मला व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी आठवतात.

१९७१च्या युद्धात ‘आयएनएस कामोर्टा’चे कप्तान, वीरचक्राचे मानकरी. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचेही ते प्रमुख होते. पण त्यांची खरी शिकवणी, माझ्या मते, निवृत्तीनंतरची. कुणा भारतीयाने शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा त्यांचा ध्यास. होडी गोव्यात बांधली, ‘म्हादेई’; लांबी जेमतेम १७ मीटर. विद्यार्थी मिळाले नौदलातलेच दिलीप दोंदे. २०१०मध्ये ते जग फिरून परतले, तेव्हा गुरुजींनी ऐंशी ओलांडली होती.

त्याच वाटेने मे २०१८मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ या शिडाच्या होडीतून प्रदक्षिणा पुरी करून गोव्याला आल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात आवटी गेले. त्यांचं घर फलटणजवळ, विंचुर्णीला. तिथून समुद्र कुठल्याच बाजूला दिसत नाही.