विद्याव्रत आणि तागडी

विद्यार्थिदशेत धनार्जन करावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता व्यवहाराचा वाटला तरी त्याची मुळे धर्मविचारात खोल गेलेली आहेत. आणि यवतमाळसारख्या, कापसावर जगणाऱ्या व कापसापायीच कर्जबाजारी होणाऱ्या जिल्ह्यात तो ज्या निकडीने उभा राहतो, त्या निकडीने सुस्थित नगरांतील घरांत क्वचितच उभा राहत असेल. यवतमाळचे अमोलकचंद महाविद्यालय, पुसदचे फुलसिंग नाईक महाविद्यालय, वणीचे लोकमान्य टिळक महाविद्यालय, अशा एखाद्या ठिकाणी दुसऱ्या वर्षाला शिकणारा कास्तकाराचा मुलगा राहत्या खोलीला लागून आणखी एक अंधारी खोली भाड्याने घेतो, तीत धिंगरी अळिंबीच्या पिशव्या टांगतो, आणि सकाळच्या तासिकेपूर्वी पाव-पाव किलोच्या पुड्या करून ठरलेल्या मोजक्या गिऱ्हाइकांना पोचवितो, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. गावाकडून बापाचा निरोप येतो, “पैसे कमवाले जिंदगी पडली हाये, बाबू, आदी शिकून घे.” या बापाने स्मृतिग्रंथ वाचलेले नसतात, पण त्याच्या तोंडून स्मृतिकारच बोलत असतात; म्हणून त्याचे म्हणणे जुनाट ठरवून बाजूला सारण्यापूर्वी त्याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे.

आपल्या आश्रमव्यवस्थेत अर्थ हा पुरुषार्थ मानला गेला, पण त्याचे स्थान गृहस्थाश्रमात. ब्रह्मचाऱ्याने मिळवायचे नाही व साठवायचे नाही. भिक्षा मागून आणावी, ती गुरूपुढे ठेवावी आणि त्याच्या अनुज्ञेने जेवावे, असा मनुस्मृतीचा दंडक. पैसा अपवित्र म्हणून हा निर्बंध घातला गेला, असा समज पुष्कळांचा असतो. मला तो ग्राह्य वाटत नाही, कारण तीच स्मृती गृहस्थाला इतर सर्व आश्रमांचा आधार म्हणते, आणि गृहस्थ जो आधार देतो तो अर्थाच्याच बळावर देतो. निर्बंधाचे खरे मर्म त्याच ठिकाणच्या एका बारीक नियमात आहे : ब्रह्मचाऱ्याने नित्य एकाच घरचे अन्न खाऊ नये. अनेक घरची भाकरी खाणारा कोणा एकाचा मिंधा होत नाही. त्याचे पोट गावाने भरलेले असते, म्हणून त्याच्या विद्येवर हक्कही गावाचाच राहतो. पुढे महाराष्ट्रात माधुकरीची आणि वार लावून जेवण्याची जी रीत पडली, आणि जिच्या आधारावर कित्येक निर्धन मुले शिकून मोठी झाली, तिच्या पाठीशी हीच धारणा होती. ही सोय सर्वांसाठी नव्हती. शूद्र, अतिशूद्र आणि स्त्रिया यांना विद्येचे दारच बंद होते, आणि अन्यायाचे हे कलम झाकून त्या व्यवस्थेचा गौरव करणे मला मान्य नाही. तथापि शिकण्याच्या काळात मन कोणाच्याही दाव्याखाली दबलेले असू नये, हा तिचा हेतू मात्र निःसंशय श्रेष्ठ होता.

तो हेतू आज कोणत्या मार्गाने साधतो? माधुकरी गेली, वार गेले, आणि शिकणाऱ्या मुलाचा सगळा भार एका घरावर, किंबहुना एका सातबाऱ्यावर येऊन पडला. आजचा विद्यार्थी अक्षरशः एकाच घरचे अन्न खातो, आणि तेही पुष्कळदा उसनवारीचे असते. पेरणीच्या तोंडावर बियाण्या-खतासाठी उचललेले पीककर्ज, ते थकले म्हणजे सावकाराच्या हाती दिलेला दस्तऐवज, कापूस घरी येण्यापूर्वीच त्यातून वजा झालेले व्याज, आणि या सर्वांच्या खाली, हिशेबात वेगळा न दाखविलेला, मुलाच्या खोलीभाड्याचा व परीक्षाशुल्काचा आकडा. या जिल्ह्यात कर्जाविषयी लिहिताना लेखणी जड होते. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी सहकुटुंब मरण जवळ केले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ आजही महाराष्ट्रात अनेक जण १९ मार्चला अन्नत्याग करतात. ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्मतो आणि त्यांतले ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने, फिटते, असा विचार तैत्तिरीय संहितेत आहे. ज्याच्या अध्ययनाचा खर्च सावकाराच्या चिठ्ठीवर चालतो त्याचे ऋषिऋण फिटत असताना पितृगृहाचे ऋण मात्र वाढत असते, आणि रात्री पुस्तक उघडून बसलेल्या त्या मुलाला हे पक्के ठाऊक असते. ज्या मोकळ्या मनासाठी धनार्जनाचा निषेध केला, ते मन त्या निषेधाच्या पालनानेच हरपत असेल, तर अक्षर पाळून आशय गमावल्यासारखे होईल.

याच कारणाने मला छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालाची कथा या प्रश्नाच्या अगदी जवळची वाटते. पित्याचे गोत्र ठाऊक नाही हे आईचे सांगणे जसेच्या तसे गुरूपुढे मांडणारा हा मुलगा. आणि हारिद्रुमत गौतमाने त्याचे उपनयन करून पहिला पाठ कोणता दिला, तर चारशे कृश, दुबळ्या गाई निवडून त्याच्या स्वाधीन केल्या. यांच्या हजार झाल्याखेरीज परतणार नाही, असे म्हणून तो रानात गेला व वर्षानुवर्षे राहिला. संपत्ती वाढविण्याचे काम ब्रह्मचाऱ्याला वर्ज्य असते तर ही कथा उपनिषदात आली नसती. गाई गुरूच्या होत्या, सत्यकामाच्या नव्हत्या, हे खरे, आणि त्यात या कथेची एक मर्यादाही आहे. पण मला तिच्यातील दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. दुबळी जनावरे वाढवायची म्हणजे कोणत्या उतारावर चारा उशिरापर्यंत टिकतो, कोठले पाणी बाधते, कोणती गाय केव्हा विणार, याकडे अष्टौप्रहर लक्ष हवे. आणि अशा लक्ष लागलेल्या माणसालाच वृषभाने, अग्नीने, हंसाने व मद्गु पक्ष्याने ब्रह्माचा एकेक पाद सांगितला. तो परत आला तेव्हा त्याच्या मुखावरचे तेज पाहून गुरूने विचारले की तुला कोणी शिकविले. त्याने खरे ते सांगितले, आणि तरीही विनविले की आचार्यांकडून मिळालेली विद्याच सार्थ होते, म्हणून आपणच मला शिकवा. हजार गाईंचा धनी होण्याइतकी कर्तबगारी दाखवूनही त्याला गुरू अनावश्यक वाटला नाही. चार पैसे हाती खेळू लागताच महाविद्यालय सोडण्याची भाषा करणाऱ्या मुलांना मी ही कथा याच ठिकाणापासून सांगेन.

शिक्षण आणि उत्पादन यांची सांगड आधुनिक काळातही घातली गेली. वर्धा नदी ओलांडली की पलीकडच्या वर्ध्यातच ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीमचा विचार देशापुढे आला. शिक्षण हस्तव्यवसायातून द्यावे आणि मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च शक्य तेवढा निघावा, या सूचनेवर तेव्हाच आक्षेप निघाला की अशाने शाळांचे कारखाने होतील. आक्षेप पोकळ नव्हता. सात-आठ वर्षांच्या पोराच्या टकळीवर शिक्षकाचा पगार टांगणे मला आजही रुचत नाही. पण एकोणीस-वीस वर्षांच्या, मताधिकार असलेल्या, स्वतःहून व्यवसाय निवडणाऱ्या तरुणाला तो आक्षेप लागू पडत नाही.

आता त्या अंधाऱ्या खोलीत जाऊ. मळणीनंतर उरलेले सोयाबीनचे कुटार रात्रभर भिजवून, सुमारे ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवून निथळतात. मग पिशवीत कुटाराचा एक थर आणि गव्हाच्या दाण्यांवर वाढविलेल्या अळिंबीच्या बियाण्याचा एक थर, असे भरत जाऊन तोंड बांधतात व टाचणीने भोके पाडतात. पंधरा-वीस दिवस अंधारात गेले म्हणजे बुरशीचे पांढरे धागे कुटाराला असे आवळतात की पिशवी फाडून काढली तरी ढेप उभीच राहते. पुढे दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा, आणि काही दिवसांत शिंपल्याच्या आकाराचे करडे-पांढरे झुबके. येथे एक गोष्ट हा धंदा करणाऱ्यालाच ठाऊक असते : तोडणीच्या थोडे आधी फवारा मारला तर अळिंबी पाणी पिते आणि तागडीत जड भरते, मात्र दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या घरी ती चिकट होऊन वास मारू लागते. हातात फवारणीचा पंप आहे, दार लोटलेले आहे, पाहणारे कोणी नाही. महाविद्यालयातील नीतिशास्त्राच्या कोणत्याही तासिकेत धर्माचा प्रश्न इतक्या नेमकेपणाने विद्यार्थ्यासमोर येत नाही.

छोट्या, अपरिचित मालाच्या धंद्याचे हे वैशिष्ट्य पुरेसे लक्षात घेतले जात नाही. कापसाचा भाव त्याच्या बापाने कधी ठरविला नाही, आजाने तर नाहीच. किलिक-निक्सन कंपनीच्या रेल्वेच्या काळात यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत ११३ किलोमीटर नॅरो गेजवरून कापूस गेला तोही दूरच्या बाजाराने सांगितलेल्या भावाने. पण तेथे मालाची पारख सर्वांना होती. ओला कापूस व्यापाऱ्याच्या हाताला तत्काळ कळतो. अळिंबीसारख्या मालात विकणारा सर्वज्ञ आणि घेणारा अनभिज्ञ असतो. म्हणजे ज्या धंद्यात स्पर्धा थोडी, त्यात फसवणुकीला वाव अधिक, आणि म्हणून सचोटीची कसोटीही अधिक कठोर. महाभारताच्या शांतिपर्वातला वाराणसीचा तुलाधार वाणी असाच निरनिराळे रस, सुगंधी द्रव्ये, मुळ्या विकणारा होता. मद्य तेवढे तो विकत नसे. रानात खांबासारखा उभा राहून तप करणारा, ज्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे केले तो जाजली त्याच्याकडे धर्म शिकायला आला, आणि तुलाधाराने आपली तागडी सर्वांसाठी सारखीच उभी असते, यात आपले व्रत सांगितले. जाजलीच्या तपाला मी कमी लेखत नाही. परंतु त्या तपात गर्व शिरल्याचे त्याला एकांतात कळले नव्हते. दुकानात येऊन कळले.

तागडी सर्वांसाठी सारखी हवी, हे मात्र दोन्ही बाजूंनी खरे असले पाहिजे. लंडनचे अध्ययन अर्धवट सोडून १९१७ साली परतावे लागलेल्या डॉ. आंबेडकरांनी मुंबईत शिकवण्या केल्या, आणि शेअरच्या व्यवहारात सल्ला देण्याचा एक छोटा व्यवसायही काढला. ज्ञान खणखणीत होते. परंतु सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली व तो व्यवसाय बंद पडला. पुढे सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या पगारातून शिल्लक टाकून, आणि स्नेह्यांचे साहाय्य घेऊन, १९२० साली ते राहिलेले अध्ययन पुरे करण्यास पुन्हा लंडनला गेले. कर्तबगार तरुणाने उद्योग करावा, बाजार गुण पाहतो, असे मुलांना निःशंकपणे सांगणाऱ्यांनी हा वृत्तांत विसरू नये. कोलामाच्या किंवा बौद्धाच्या घरची मुलगी खाण्याचा पदार्थ करून विकू लागली, तर तिच्या पुड्या घ्यायला आपल्या आळीतले किती हात पुढे येतील, हा प्रश्न तिने नव्हे, आपण सोडवायचा आहे. सावता माळी, गोरा कुंभार यांचे दाखले देऊन स्वकर्मातच ईश्वर आहे असे आपण म्हणतो. पण त्यांचे कर्म वंशपरंपरेने आलेले होते. या मुलांनी कर्म निवडले आहे, आणि निवडलेल्या कर्मालाही तीच पूजेची योग्यता आहे, हे मान्य करण्यास आपला भाविक समाज अद्याप कचरतो.

बापाच्या निरोपातले खरे भय याहून निराळे आहे, आणि ते मला पटते. कोवळ्या वयात नफ्याची गोडी लागली की प्रत्येक गोष्टीला किंमत चिकटू लागते. सोबती गिऱ्हाईक दिसू लागतो, आणि ज्या विषयाचे पैसे होत नाहीत तो निरुपयोगी. यावर उपाय एकच सुचतो : आपल्या दोन हातांनी आणि उरलेल्या वेळाने जेवढे सांभाळता येईल तेवढाच व्याप ठेवावा, रोजमेळ स्वतः लिहावा, आणि वाढीसाठी कर्ज काढू नये, कारण कर्ज काढून वाढविलेला धंदा म्हणजे बापाच्या मानेवरचे जू मुलाने आपण होऊन आपल्या मानेवर घेणे होय. मार्चपासून यवतमाळचा उन्हाळा तापू लागतो, धिंगरी त्या उष्म्यात धरत नाही, आणि परीक्षाही याच सुमारास येतात. तेव्हा कोणीतरी येऊन कूलर, थर्माकोलच्या भिंती आणि त्यासाठी हप्त्यांची सोय सुचवितो. विद्यार्थ्याने ती नाकारावी. पिशव्या उतरवाव्या, उरलेले कुटार गावच्या शेतात खताला पाठवावे, आणि रिकाम्या खोलीचे तीन-चार महिन्यांचे भाडे परवडत नसेल तर किल्ली मालकाला परत करून पावसाळ्यात दुसरी खोली पाहावी.