अंधाराचं वेळापत्रक

"वीज नसली तर काय अडतं? आपले आजोबा राहायचेच की!" हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. शनिवार-रविवारी माळशेज चढून जुन्नरच्या शेतघरांत उतरणारी मंडळी ते म्हणतात. तिथे कंदिलाच्या उजेडातल्या जेवणाचे जादा पैसे लागतात. निसर्गाकडे परत चला, असं सांगणारे वक्तेही ते म्हणतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, शंका आहे ती आजोबांच्या दाखल्याबद्दल.

आजोबांकडे वीज नव्हती, पण मोट होती. ती ओढणारे बैल होते, फाटली तर शिवून देणारा कारागीर होता आणि मोट पोचेल एवढ्या खोलीवर पाणी होतं. घरात जातं होतं, चिमणीत रॉकेल होतं. यातलं आज काय शिल्लक आहे? कल्याण-नगर महामार्गावरच्या पिंपरी पेंढारला कुठल्याही मळ्यात जाऊन पाहा. बैलजोडी सापडली तर नशीब. बोअरचं पाणी इतकं खाली गेलंय की जगातली कुठलीही मोट तिथवर पोचणार नाही. लाईट गेली की इथला माणूस आजोबांच्या काळात जात नाही, बंद मोटरीपाशी खोळंबून राहतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातून गेलं आणि विजेचे खांब आडवे झाले. असे खांब पडले की नळपाणी योजना थांबते, पिठाची गिरणी थांबते, डेअरीतलं दूध गार ठेवायचं कसं हा प्रश्न पडतो, आणि बॅटऱ्या उतरल्या की मोबाईलचा टॉवरही मुका होतो. शांत असते ती फक्त कांद्याची बराखी, कारण ती वाऱ्यावर चालते. विजेशिवायच्या तंत्राचं खरंखुरं जिवंत उदाहरण हवं असेल तर ते हे आहे, कंदील नव्हे.

विजेशिवायचं गाव हा आदर्श आपल्याकडे गांधीजींच्या नावावर खपवला जातो. 'हिंद स्वराज'मधली यंत्रांवरची टीका सर्वांना पाठ असते. पण १९३५ मध्ये त्याच गांधीजींनी लिहिलं होतं की प्रत्येक खेड्यातल्या घरात वीज पोचत असेल तर गावकऱ्यांनी तिच्यावर अवजारं चालवायला आपली हरकत नाही. मात्र वीजघर गायरानासारखं गावाच्या किंवा सरकारच्या मालकीचं हवं. १९४३ मध्ये मजूरमंत्री असलेले बाबासाहेब आंबेडकर तर स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्य हटणार नाही, असं स्पष्ट मांडत होते. त्याआधी मुळशीत धरणाविरुद्ध सेनापती बापट लढले, तेव्हाही वाद मालकीचाच होता: जमीन मावळ्यांची बुडणार आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळणार. म्हणजे वीज हवी की नको, हा आपल्याकडचा मुख्य प्रश्न कधी नव्हताच. ती कुणाच्या हातात, हा होता.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. १९६० मध्ये वीज मंडळ आलं, मग कोयना, मग पंप. १९९७ पर्यंत सरकारी व्याख्येत महसुली हद्दीत कुठेही, कशासाठीही वीज वापरली की गाव विद्युतीकृत ठरायचं. एका विहिरीवर मोटर घरघरली तरी पुरे, मग घरं अंधारात का असेनात.

खरी गफलत होते ती त्यानंतरच्या वळणावर. २००५ च्या आसपास भारनियमन शिगेला पोचलं. त्यावर उपाय म्हणून गावठाणाचा फीडर, म्हणजे वीजवाहिनी, आणि शेतीचा फीडर वेगळे केले गेले, आणि जिथे ते जमलं नाही तिथे दिव्यांपुरता सिंगल फेज ठेवला. शहरातल्या वाचकाने यातून 'खेड्यातलं भारनियमन संपलं' असा अर्थ काढला, कारण बल्ब पेटलेला दिसू लागला. झालं एवढंच की, अंधार घरातून उचलून शेतात नेऊन ठेवला आणि त्याचं वेळापत्रक छापलं. मोटरीला लागणारा थ्री फेज काही दिवस दिवसपाळीला, काही दिवस रातपाळीला. (कपॅसिटर लावून सिंगल फेजवर मोटर ओढणाऱ्यांनी डीपी जाळले, हेही खरं. पण माणूस हे हौसेनं करत नाही.)

रातपाळीवर तोडगा म्हणून ऑटो स्टार्टर आले, मोबाईलवरून मोटर चालू करणारे स्टार्टर आले. मोटर घरबसल्या चालू होते, ठीक. पण सरीला पाणी असेल तर दारं धरायला माणूसच लागतो. तो रात्री दोन वाजता, बॅटरी हातात घेऊन, उसाच्या कडेला वाकतो. आणि जुन्नरच्या उसात बिबट्या राहतो. २०२४ साली पिंपरी पेंढारच्या शिवारात बिबट्याच्या हल्ल्यात माणसं दगावली. सगळेच काही पाणी देताना गेले नाहीत. बिबट्या दिवसाही येतो. पण ज्या शिवारात दिवसाही धास्ती आहे, तिथे माणसाला रात्री पाठवण्याची जबाबदारी जंगलावर ढकलता येत नाही. ती वेळ कुणीतरी कार्यालयात बसून ठरवलेली असते.

त्याच वर्षी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत झाली. चर्चा मग बिलाभोवती फिरत राहिली, फुकटेपणाचे टोमणे झाले. वेळेबद्दल कुणी टोमणा मारला नाही. फुकटची रातपाळी घ्यायची की पैसे मोजून दिवसपाळी, असं विचारलं तर मी डोळे मिटून दुसरी निवडेन.

दिवसपाळीची वाटही आहे: २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. सूर्य रात्री उगवत नाही, त्यामुळे तिच्यावर चालणाऱ्या फीडरला दिवसा वीज द्यावीच लागते. बिबट्याच्या पट्ट्यातले फीडर या योजनेच्या यादीत सर्वांत वर घ्या, आणि तोवर तिथली रातपाळी बंद करा.