वास्तव्याची नोंद, वावराचा विसर

२०२१ च्या फेब्रुवारीत करोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात विदर्भाच्या वाटेने शिरली. अमरावती, अकोला, यवतमाळ या जिल्ह्यांत रुग्ण झपाट्याने वाढू लागले. २१ फेब्रुवारीला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राजकीय, धार्मिक आणि सामाजिक कार्यक्रमांच्या गर्दीवर राज्यभर मनाई जाहीर केली. त्यानंतर दोनच दिवसांनी वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीत तत्कालीन वनमंत्री संजय राठोड यांच्या भेटीच्या निमित्ताने हजारोंची गर्दी लोटली. पोलिसांनी जमावावर गुन्हा दाखल केला, राजकीय वाद पेटला, गावातले काही जण बाधित निघाल्याच्या बातम्याही आल्या. त्या गर्दीतून संसर्ग किती जणांना झाला आणि तो कोणकोणत्या जिल्ह्यांत गेला, हा आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. आपल्या नोंदींत त्याचे उत्तर सापडणे कठीणच होते, कारण त्या नोंदी हा प्रश्न विचारतच नाहीत.

माणूस बाधित निघाला की त्याचे नाव त्याच्या राहत्या पत्त्याखाली चढते. दिग्रसचा माणूस यवतमाळ जिल्ह्याच्या आकड्यात जातो, किनवटचा नांदेडच्या, आदिलाबादचा थेट तेलंगणाच्या. महाराष्ट्राच्या रोजच्या करोना पत्रकात जिल्हावार यादीच्या शेवटी ‘इतर राज्ये’ अशी एक ओळ असे, परप्रांतीय रुग्णांची संख्या तिथे पडे. पोहरादेवीत एकत्र आलेली माणसे अशी अनेक रकान्यांत विखुरली, आणि ती ज्या ठिकाणी एकमेकांना भेटली त्या ठिकाणासाठी रकानाच नव्हता.

त्याच आठवड्यात त्याच जिल्ह्यात उलट उदाहरण घडले. रिसोड तालुक्यातल्या देगावच्या एका निवासी शाळेत २२९ विद्यार्थी बाधित आढळले. त्यांतले बहुसंख्य अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांतले होते, हेही लगेच कळले. तिथे हे शक्य झाले, कारण वसतिगृहाची हजेरी होती. कोण कुठून आले, कोण कुणाबरोबर राहते, हे आधीपासून लिहिलेले होते. विषाणू तोच, यंत्रणा तीच, जिल्हाही तोच. फरक एवढाच की एका ठिकाणी माणसांच्या एकत्र येण्याची नोंद होती आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हती.

पोहरादेवी हे एकत्र येण्याचेच गाव आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचे मंदिर यांमुळे देशभरातला बंजारा समाज या गावाला आपली काशी मानतो. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्र, तेलंगणा, कर्नाटकातल्या तांड्यांवरून माणसे येतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बंजारा वारसा संग्रहालयाचे उद्घाटन झाल्यापासून बाराही महिने येणाऱ्यांची त्यात भर पडली आहे. शिवाय तांड्यांवरची अनेक कुटुंबे वर्षातले काही महिने घरी नसतातच. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जायचे, नाहीतर मुंबई-पुण्यात बांधकामावर, आणि उन्हाळ्यात तांड्यावर परतायचे. अशा माणसाचा कायमचा पत्ता लिहून घेतला, तर तो आजारी कुठे पडला असेल याबद्दल फारच थोडे कळते.

हा प्रश्न जुना आहे. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाभोवती कॉलऱ्याने माणसे मरत होती, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांना दूरच्या हॅम्पस्टेडमध्ये एक वेगळाच मृत्यू आढळला. तिथल्या एका विधवेला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडे, म्हणून ते तिच्याकडे मुद्दाम पोचवले जाई. ती दगावली. तिच्याकडे येऊन तेच पाणी प्यायलेली तिची भाची आपल्या घरी, इस्लिंग्टनला, परतली आणि तीही दगावली. नोंदवहीत हे मृत्यू हॅम्पस्टेड आणि इस्लिंग्टनचे होते. स्नो यांनी त्या विधवेच्या मुलाकडे आईच्या सवयींची चौकशी केली, तेव्हा ते मृत्यू पंपाशी जोडले गेले. कधी पत्ताही पुरतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा त्यांतल्या अनेकांचे पत्ते सिंहगड रस्त्याच्या परिसरात एकवटलेले दिसले आणि संशय तिथल्या पाण्याकडे वळला. दोष घरच्या पाण्यात असेल तर पत्ता बोलतो. संसर्ग गर्दीत झाला असेल तर पत्ता दिशाभूल करतो.

मग ‘गेल्या दोन आठवड्यांत कुठे गेला होता’ एवढा एक प्रश्न अर्जात घातला की झाले, असे वाटेल. करोनाच्या चाचणी-अर्जात सुरुवातीला परदेश प्रवासाचा आणि बाधिताशी संपर्काचा प्रश्न होताच. अडचण प्रश्न छापण्यात नाही. तो कोण विचारते, आणि खरे उत्तर दिल्यावर सांगणाऱ्याचे काय होते, यात ती आहे.

आशाताई हातात वही आणि मोबाईल घेऊन तांड्यावर जाते, तेव्हा काय घडते ते जवळून पाहिले पाहिजे. अर्ध्या घरांचे आडनाव राठोड, उरलेली चव्हाण, जाधव, पवार, आडे. वय विचारले तर ‘पन्नास-पंचावन्न असंल’. मोबाईल क्रमांक मुलाचा, तो पुण्याला. किंवा शेजाऱ्याचा, आणि तोच क्रमांक आणखी दोन घरांनी दिलेला. ही माहिती पुढे इंग्रजीत टंकली जाते, तिथे एकाच नावाची तीन स्पेलिंगे होतात. मग वरच्या कार्यालयात कुणीतरी ‘दुबार नोंदी’ काढायला बसते. सारखे नाव, सारखे वय, सारखा क्रमांक दिसला की एक नोंद उडते, आणि तिच्याबरोबर कधी एक खरा माणूसही आकड्यातून उडतो. तारखांचेही तसेच. ताप आला तो दिवस, नमुना घेतला तो दिवस आणि अहवाल आला तो दिवस, हे तीन वेगळे दिवस आहेत. साथीचा चढ-उतार पहिल्यावरून कळतो, पण रोजचा आकडा बहुतेक तिसऱ्यावर बेतलेला असतो. प्रयोगशाळेत नमुने तुंबले की साथ ओसरल्यासारखी दिसते आणि तुंबलेले नमुने मोकळे झाले की उसळल्यासारखी. आशाताईला हे सारे ठाऊक असते. कोणता रामराव कोणता, हे तिला विचारले तर ती क्षणात सांगेल. तिला विचारण्याची सोय मात्र यंत्रणेत नाही.

२००४ पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. गावपातळीवरचा कर्मचारी लक्षणांची नोंद करतो, वैद्यकीय अधिकारी संशयित रुग्णांची, प्रयोगशाळा खात्री झालेल्यांची. आता हे काम संगणकीय मंचावर आले आहे आणि वेग वाढला आहे. माहिती वाहण्याची दिशा मात्र एकच आहे: गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, तिथून पुण्या-मुंबईला आणि दिल्लीला. ज्या तांड्याने माहिती दिली, त्याला त्या माहितीतून काय निष्पन्न झाले हे कुणी येऊन सांगत नाही. ज्याला आपल्या उत्तराचे फळ कधी दिसले नाही, त्याच्याकडून अचूक उत्तराची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

आणि खरे उत्तर महागात पडत असेल तर? १८९७ च्या पुण्यात प्लेगच्या वेळी सैनिक घरात शिरून रोगी शोधू लागले, आणि लोक रोगी लपवू लागले, मृत्यूही लपवू लागले. सक्तीने आणलेली पारदर्शकता प्रत्यक्षात अंधारच वाढवते, हा त्या वर्षाचा धडा आहे. त्याच वर्षीचा साथरोग कायदा आपण मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू केला. धडा मात्र मागे ठेवला. पोहरादेवीच्या गर्दीवर गुन्हा दाखल झाला, त्यामागची कायद्याची बाजू समजण्यासारखी आहे. मनाई मोडली गेली होती. पण त्यानंतर ताप आलेला कोणता माणूस दवाखान्यात जाऊन ‘मी त्या दिवशी तिथे होतो’ असे सांगेल? आरोग्याची चौकशी आणि पोलिसांची चौकशी एकच वाटू लागली, त्या क्षणी साथीची माहिती संपली.

बंजारा समाजाच्या बाबतीत ही भीती अधिकच खोल आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरत्या समूहांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, हजेरी लावली, परवान्याशिवाय हद्द ओलांडणे गुन्हा ठरवले. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, तो रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जाती प्रवर्गात मोडतो, ही त्या इतिहासाची सरकारदरबारची खूण आहे. म्हणून ‘कुठे गेला होता’ हा प्रश्न मुंबईतल्या एखाद्या सोसायटीत जितका निरुपद्रवी वाटतो, तितका तांड्यावर वाटत नाही. वावराची नोंद हवी असे म्हणणाऱ्याने, म्हणजे मीही, या आक्षेपाला आधी उत्तर दिले पाहिजे. वावराची नोंद पाळतीत बदलणार असेल, तर ती नसलेली बरी.

ती पाळतीत बदलू नये यासाठी काही अटी लेखी हव्यात. आरोग्यासाठी दिलेले उत्तर कोणत्याही गुन्ह्यात पुरावा होणार नाही आणि पोलिसांना मिळणार नाही. ठिकाण नोंदवायचे ते ‘पोहरादेवी, यात्रा’ इतपतच; कुणाबरोबर आणि का गेला, हे नाही. साथ सरल्यावर ठरलेल्या मुदतीत नावे पुसली जातील, संख्या तेवढ्या उरतील. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने साथीच्या काळात उपचार आणि आरोग्यसेवेसाठी माहिती वापरताना संमतीची अट सैल केली आहे. ही सवलत आवश्यक आहे, आणि म्हणूनच तिला मुदतीचे आणि हेतूचे कुंपण आवश्यक आहे.

यावर कुणी म्हणेल, साथीच्या धामधुमीत एवढ्या बारकाईला वेळ कुठून आणायचा. ढोबळ आकडा पुरे. तो पुरत नाही, हे मृत्यूंच्या नोंदींनी दाखवले. १६ जून २०२० रोजी राज्याने नोंदींची पडताळणी करून आधीचे १,३२८ मृत्यू एका दिवसात यादीत धरले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार करोनाने दगावलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये सानुग्रह मदत मिळू लागली. जानेवारी २०२२ पर्यंत महाराष्ट्रात नोंदलेले करोनामृत्यू सुमारे १ लाख ४१ हजार होते. मदतीसाठी आलेले अर्ज मात्र २ लाखांहून अधिक. काही अर्ज दुबार होते, काही अपात्र, तरीही ती दरी डोळ्यांआड करता येत नाही. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२-२३ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केले होते. घरी, तांड्यावर, उसाच्या फडात दगावलेल्याच्या कागदावर कारणच नसते. तिथे नोंदीतली चूक सरकारी तक्त्यापुरती राहत नाही. विधवेच्या हातात पैसे पडतात की नाही, ते त्या नोंदीवर ठरते.

चांगली नोंद कशी असते, याचे उदाहरण विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या नवजात बाळाचे वजन, ताप, श्वास नोंदवत आणि धोका दिसला तर तिथेच उपचार करत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या शोधनिबंधाने नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचे दाखवले. त्या यशात औषधाचा वाटा होता, तसाच नोंद करणारी आणि उपचार करणारी बाई एकच असण्याचाही होता. माहिती तिच्या हातून निघून गेली नाही, म्हणून बाळाच्या कामी आली.

पोहरादेवीसाठी हेच तत्त्व वेगळ्या रूपात लागू करता येईल. यात्रेच्या काळात इथल्या आरोग्य पथकाने ताप, जुलाब, खोकल्याची रोजची नोंद ठेवावी. यात्रा पांगल्यावर दोन आठवडे वाशिम, यवतमाळ, नांदेड आणि तेलंगणाच्या सीमेवरच्या तालुक्यांनी ‘पोहरादेवीहून परतलेले’ असा एकच रकाना भरावा आणि तो आकडा पोहरादेवीला परत पाठवावा. दुबार नोंद खोडण्यापूर्वी आशाताईला विचारणे बंधनकारक असावे. आशाताईची वही आणि ग्रामपंचायतीचे मृत्यूनोंदीचे पुस्तक यांची दरमहा ताडणी व्हावी. गावाला, तांड्याच्या नायकाला आणि कारभाऱ्याला दर आठवड्याला नावांशिवाय साधी संख्या सांगितली जावी: इतके आजारी, इतके बरे, पाणी असे निघाले, आता हे करा. यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. आहे त्या यंत्रणेने वर पाहताना खालीही पाहायला शिकले पाहिजे.

साथीची माहिती सरकारची मालमत्ता आहे, असे गृहीत धरून आपण आजवर चाललो. ती आधी ज्यांच्या शरीरातून आली त्यांची आहे, आणि तिच्यावर पहिला हक्क त्यांच्या गावाचा आहे. हा हक्क मान्य झाला तरच पुढच्या साथीत माणसे खरे सांगतील, आणि माणसे खरे सांगतील तेव्हाच आकड्यांवर विसंबून निर्णय घेता येतील. तयारीचा काळ साथ आल्यावर नसतो, तो आत्ता आहे. पुढच्या रामनवमीच्या आधी हा एक रकाना आणि या काही अटी लिहून काढणे जिल्हा प्रशासनाच्या आवाक्यातले काम आहे, आणि ते मागण्याचा अधिकार आपला आहे.