पुरवणी

परीक्षेच्या दालनात उत्तरपत्रिकेची पाने संपली की विद्यार्थी हात वर करून पुरवणी मागतो. पुरवणी एकदा दोऱ्याने बांधली की ती उत्तरपत्रिकेचाच भाग होते. तपासणाऱ्याला 'ही मागाहून जोडली आहे' असे म्हणून ती बाजूला सारता येत नाही. चित्रपटांच्या ज्या तबकड्या आपण काही वर्षांपूर्वी घरोघरी लावत होतो, त्यांनाही अशी पुरवणी जोडलेली असे. गाळलेले प्रसंग, चित्रीकरणाची हकीकत, कलावंतांच्या मुलाखती, क्वचित एखादा निराळा शेवट. ती दुकाने आता उठली, तबकड्या अडगळीत गेल्या. पण त्या पुरवणीने एक प्रश्न माझ्यासमोर ठेवला आहे आणि तो अजून तेथेच आहे. कलाकृती नेमकी कोठे संपते, आणि ती कोठे संपावी हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

आमच्या अशोका गार्डनातील वाचकांखेरीज इतरांना हे घरगुती प्रकरण वाटेल, म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगतो. व्हिडिओ कॅसेटच्या काळात फितीवर चित्रपट आला म्हणजे झाले, असा व्यवहार होता. पुरवणीची कल्पना लेझर डिस्क नावाच्या मोठ्या तबकडीबरोबर आली. १९८४ साली अमेरिकेत 'किंग काँग' या जुन्या चित्रपटाची अशी तबकडी निघाली. तिच्यावर एका अभ्यासकाचे निवेदन होते आणि चित्र चालू असताना ते ऐकता येत होते. पुढे १९९६ साली जपानमध्ये डीव्हीडी विक्रीस आली आणि जागेचा प्रश्न सुटला. आपल्याकडे मात्र गरिबाची व्हीसीडी चालली. तिच्या एका तबकडीवर जेमतेम सव्वा तासाचे चित्र मावे. तीन तासांचा हिंदी चित्रपट दोन-तीन तबकड्यांवर कसाबसा बसवायचा, त्यात पुरवणीला जागा कोठून असणार? नंतर मोझर बेअर या कंपनीने अठ्ठावीस रुपयांत व्हीसीडी आणि चौतीस रुपयांत डीव्हीडी विकायला काढली. ८० फुटी रस्त्यावरच्या दुकानात त्या वेळी अक्षरशः भाजीबाजारासारखी गर्दी उसळे. अठ्ठावीस रुपयांत चित्रपट मिळतो आहे, वर आणखी काय मागायचे, अशी आपली वृत्ती.

तरीही, ही पद्धत परदेशातून आली असे जे तरुण मंडळी समजतात ते खरे नाही. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लोकांपुढे आणला, आणि १९१७ साली चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारा एक छोटा पट काढला. त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. त्याचे काही भाग आजही पाहायला मिळतात. म्हणजे जादूगाराने आपली पेटी उघडून दाखविण्याचा हा प्रकार या देशात एका नाशिककराने सुरू केला. पेटी उघडली म्हणून जादू ओसरली, असे झाले नाही. माझा अनुभव असा की, वीज कशी तयार होते हे शिकल्याने कोणत्याही मुलाचा दिवा मंद झालेला नाही. या जातीच्या पुरवणीबद्दल मला तक्रार नाही, आणि फारसे कुतूहलही नाही.

कलावंताने स्वतः टाकून दिलेल्या गोष्टींबद्दल मात्र माझे मत जरा कडक आहे. कवीने खोडलेली ओळ कोणी उकरून छापली तर आपण त्याला संशोधन म्हणतो. मला ती कचऱ्याच्या टोपलीत हात घालण्याची सवय वाटते. दिग्दर्शकाने एखादा प्रसंग काढला तो बहुधा विचारपूर्वक काढलेला असतो. तो 'खास आपल्यासाठी' म्हणून पुन्हा विकणे ही दुकानदारी झाली. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा मध्ये घुसलेले पाठ बाजूला केले आणि पुढे कोणी पदरची ओवी घालू नये असे बजावून ठेवले. ग्रंथ कोठे संपतो याबद्दल एवढी काळजी घेणारी आपली परंपरा आहे. शिक्षकाच्या पेशामुळे मला ही काळजी जवळची वाटते. विद्यार्थ्याने स्वतः रेघ मारून खोडलेले उत्तर मी वाचत नाही.

पण एखादे पान विद्यार्थ्याने खोडले नसेल, कोणी तरी त्याच्या हातातून फाडून घेतले असेल, तर? येथून प्रकरण निराळे होते. 'शोले'ची गोष्ट अशीच आहे.

'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी जेमतेम सात आठवडे, २५ जूनच्या रात्री, देशात आणीबाणी पुकारली गेली होती. रमेश सिप्पींनी चित्रित केलेल्या मूळ शेवटात ठाकूर बलदेवसिंह गब्बरला ठार मारतो. त्याचे हात गब्बरनेच तोडलेले असतात, म्हणून खिळे ठोकलेल्या जोड्यांनी, पायांनी मारतो. सेन्सॉर मंडळाला हे मान्य झाले नाही. ठाकूर एके काळचा पोलीस अधिकारी, त्याने कायदा हाती कसा घ्यायचा? शेवट घाईघाईने पुन्हा चित्रित झाला. ऐन क्षणी पोलीस येतात, ठाकूरला कायद्याची आठवण देतात आणि गब्बरला ताब्यात घेतात. माझ्या पिढीने टॉकीजमध्ये पाहिला तो हा शेवट. टाळ्या आणि शिट्ट्या यांच्या गजरात आम्हाला तो खोटा वाटला नाही. (भोपाळकरांचे लक्ष तसेही सूरमा भोपालीवर असे. जगदीप यांची ती बोली खरी की बनावट, यावर आमच्याकडे अजून वाद होतात.)

मूळ शेवट पुढे परदेशी निघालेल्या तबकड्यांतून, काही वेळा पुरवणी म्हणून, काही वेळा चित्रपटातच जोडून, लोकांपर्यंत पोहोचला. माझ्या भाच्याने अशी एक डीव्हीडी आणली तेव्हा मी तो प्रथम पाहिला. माझी अपेक्षा होती की सूडाचा जल्लोष पाहायला मिळेल. तसे काही नव्हते. गब्बर मेल्यावर ठाकूर कोसळतो आणि रडतो. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते हाती आले आणि हातच नाहीत, अशी ती अवस्था आहे. सेन्सॉरने हिंसा कापली असे आपण म्हणतो. पण तिच्याबरोबर ते रडणेही कापले गेले, याची दखल फारशी कोणी घेत नाही. सूडाने माणूस रिकामा होतो, हे सांगणारा प्रसंग नेमका वगळला आणि त्या जागी कायद्याचे व्याख्यान आले. आम्हा शिक्षकांना व्याख्यानाची शक्ती ठाऊक आहे, तशी तिची मर्यादाही. दहा मिनिटांच्या उपदेशाने जे होत नाही ते कधी कधी एका हुंदक्याने होते.

आता यातला विरोधाभास पाहा. कायदा हाती घेऊ नये, असे पडद्यावर सांगायला लावणारे सरकार त्याच वेळी हजारो माणसांना चौकशीविना तुरुंगात ठेवत होते. त्यांना न्यायालयात दाद मागता येते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो आमच्या मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणाच्या नावाने, 'अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर' या नावाने. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मतांनी निकाल लागला की दाद मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरुद्ध गेले. पुढे ज्येष्ठता असूनही त्यांना सरन्यायाधीशपद मिळाले नाही आणि त्यांनी राजीनामा दिला. परंतु त्यांचे भिन्नमत कोणी फाडून टाकले नाही. ते त्याच निकालाबरोबर, त्याच ग्रंथात छापले गेले. २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो जुना निकाल चुकीचा ठरविला, तेव्हा ते पान शोधायला कोणाला तळघरात जावे लागले नाही. ते चाळीस वर्षे बहुमताच्या शेजारीच उभे होते.

मला तबकडीवरची पुरवणी या भिन्नमतासारखी वाटते. निदान जेथे बळजबरी झाली तेथे तरी.

येथवर मी लिहिले ते पुस्तकी आहे, असे कोणी म्हणेल. त्यासाठी एक प्रसंग सांगतो. भाच्याने आणलेली ती डीव्हीडी पाहायला आमचे शेजारी आले होते. निवृत्त कामगार, हिंदी भाषक, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री वायू सुटला तेव्हा ते जुन्या शहरात राहत होते. त्या रात्री त्यांचा धाकटा भाऊ गेला. त्यानंतर ते अशोका गार्डनात आले. आमच्या घरात अशा वेळी वाद मराठीत होतो आणि निकाल हिंदीत लागतो. तुमच्याही घरी तसेच होत असेल. दोन्ही शेवट आम्ही एकापाठोपाठ पाहिले. मी मुख्याध्यापकाच्या सवयीने म्हणालो की, काही झाले तरी पोलिसांचा शेवट समाजाच्या दृष्टीने बरा. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारले, "मास्साब, पुलिस ले गई, ठीक है। फिर क्या हुआ?"

फिर क्या हुआ. भोपाळमध्ये हा प्रश्न चित्रपटाचा राहत नाही. त्या कंपनीचा अमेरिकन अध्यक्ष ७ डिसेंबर १९८४ रोजी येथे आला, त्याला अटक झाली, त्याच दिवशी जामीन मिळाला आणि सरकारी विमानाने तो दिल्लीला गेला. तो परत आला नाही. २०१४ साली तो अमेरिकेत म्हातारा होऊन मेला. १९८९ साली सत्तेचाळीस कोटी डॉलरवर तडजोड झाली. ७ जून २०१० रोजी, म्हणजे पंचवीस वर्षांनी, येथील न्यायालयाने कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली, आणि त्यांना लगेच जामीन मिळाला. 'पोलीस येतात' येथे ज्या शहराची कथा संपत नाही, त्या शहरातील माणसाला सेन्सॉरचा शेवट कसा दिसत असेल, याचा विचार मी त्या दिवसापर्यंत केला नव्हता. माझा दृष्टिकोन शाळेच्या फाटकातून पाहणाऱ्याचा. मधल्या सुट्टीत दोन मुले भिडली की मी म्हणतो, हात उचलू नका, माझ्याकडे या. मुले येतात. पण मग मला न्याय करावा लागतो, आणि तो शाळा सुटण्यापूर्वी करावा लागतो. मुलाने मूठ सोडली ती माझ्या शब्दावर. ठाकूरने पाय मागे घेतला तो कोणाच्या शब्दावर?

तरीही त्या शेजाऱ्यांनी मूळ शेवटाच्या बाजूने कौल दिला असे समजू नका. ठाकूर रडतो तो तुकडा त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. तो संपल्यावर ते काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही.

२०२५ साली 'शोले'ची जुनी फिल्म दुरुस्त करून तो मूळ शेवटासह इटलीतील बोलोन्या येथे दाखविण्यात आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात भारतातल्या चित्रपटगृहांतही आला. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्सबरोबर हे काम केले. पन्नास वर्षांनी दिग्दर्शकाला त्याचे पान परत मिळाले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण अनेकांनी या निमित्ताने लिहिले की आता हाच खरा 'शोले', जुना विसरा. हे मला पटत नाही. बळजबरीने जोडलेला शेवट वाईट असेल, परंतु तो घडलेला आहे. आणीबाणीने आपल्या करमणुकीतही कसा हात घातला होता, त्याचा तो शेवट म्हणजे सही-शिक्क्याचा पुरावा आहे. शिवाय कोट्यवधी माणसांनी पन्नास वर्षे तोच पाहिला, त्यावरच आपल्या न्यायाच्या कल्पना घासून पाहिल्या. मूळ शेवट घेऊन तो फेकून देणे म्हणजे पहिल्या फाडण्याला दुसऱ्या फाडण्याने उत्तर देणे. खन्नांचे मत कायदा झाले, म्हणून बाकीच्या चौघांची पाने कोणी ग्रंथातून काढली नाहीत. ती राहिलीच पाहिजेत. ती वाचूनच कळते की चांगली शिकलेली माणसे दडपणाखाली काय काय लिहू शकतात.

म्हणून दोन्ही शेवट शेजारी शेजारी असावेत, असे मी म्हणतो. कोणता पुढे आणि कोणता पुरवणीत, यावर भांडायला माझी हरकत नाही.

अडचण अशी की शेजारी शेजारी ठेवायला आता जागाच उरलेली नाही. तबकडी गेली आणि चित्रपट इंटरनेटवरून घरात येऊ लागला. तेथे बहुतेक वेळा एकच प्रत असते, आणि ती आपल्या कपाटात नसते. उद्या कोणी त्यातले चार संवाद काढले तर काल ते होते हे आपण कशाच्या आधारे सांगणार? फाडलेल्या पानाचा निदान खुंट तरी उरतो. येथे तोही दिसणार नाही. माझ्या नववीच्या मुलांना हे समजावताना मला उदाहरण सापडेना, तेव्हा एका मुलीनेच सांगितले की फळा पुसल्यासारखे. तिचे बरोबर आहे. फक्त फळ्यावर खडूची थोडी पांढरट छटा राहते.

भाच्याची ती डीव्हीडी मी त्याच्याकडून मागून घेतली आणि शाळेच्या ग्रंथालयात नोंदवहीत चढविली. ग्रंथपाल म्हणाले, "सर, हिला वर्गीकरण क्रमांक कोणता देऊ? करमणूक की इतिहास?" आमच्याकडे ती लावायचे यंत्र सध्या एकच आहे आणि त्याचा ट्रे हाताने ओढावा लागतो. दुरुस्त करणारा मनुष्य पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला आहे.