मोजकीं चित्रें

साधन जों जों सुलभ होत जातें तों तों साध्य जवळ येतें, ही समजूत आपल्या मनांत इतकी खोल रुजलेली आहे कीं, तिची परीक्षा घेण्याची कोणास गरजही वाटत नाहीं. विहिरीवर रहाट आला, पुढें नळ आला, आणि पाणी घरांत आलें; येथें ती समजूत खरी आहे. परंतु पाहणें ही कांहीं पाणी आणण्यासारखी क्रिया नव्हे. पाहण्याचीं साधनें वाढलीं म्हणजे पाहणें वाढतें काय, हा प्रश्न निराळा आहे. तो आमच्या मनांत उभा राहिला तो मात्र अशा एका गोष्टीमुळें, जी वरवर पाहतां हौशी लोकांची लहर वाटेल. उत्तम डिजिटल कॅमेरे ज्यांच्याजवळ आहेत असे कित्येक तरुण ते कपाटांत ठेवून पुनः रोलच्या जुन्या कॅमेऱ्याकडे वळूं लागले आहेत. ज्याचें सुतकही फिटलें होतें तो धंदा त्यामुळें फिरून हालचाल करूं लागला आहे. कोडॅकनें बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म २०१८ सालीं पुनः बाजारांत आणली, आणि २०२४ सालीं पेंटॅक्सनें रोलचा एक अगदीं नवा कॅमेरा काढला.

ही फॅशन आहे असें म्हणून विषय मिटवितां येईल. फॅशनचा अंश त्यांत आहेच. जुन्या चित्राचा भुरकट रंग आणि रवाळपणा यांवर भाळून ज्यांनीं रोल घेतला, ते उद्यां दुसऱ्या कशावर भाळतील. त्यांच्याशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. शिवाय तसा रंग आतां मोबाईलांतही एका बोटानें चढवितां येतो. पण रंगासाठीं नव्हे, तर डिजिटल कॅमेऱ्यावरचें मन उडालें म्हणून जे परतले, त्यांचें मन कशानें उडालें हें पाहण्यासारखें आहे.

छायाचित्रणाचा आजवरचा इतिहास हा पुष्कळसा वाट पाहण्याचा काळ कमी करण्याचा इतिहास आहे. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे लोक या विद्येच्या मागें लागले. त्या काळांत कांचेवर ओलें रसायन चढवावें, तें वाळण्यापूर्वीं चित्र घ्यावें, आणि तेथेंच अंधारांत तें धुवावें, असा तो खटाटोप असे. पुढें कोरडी कांच आली, मग गुंडाळून ठेवण्याजोगी पट्टी आली. १९७५ सालीं कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन नांवाच्या तरुण इंजिनिअरनें फिल्मवांचून चालणारा कॅमेरा तयार केला. त्याचें एक चित्र कॅसेटवर उतरावयास २३ सेकंद लागत. त्या यंत्राच्या वंशजांनीं पुढें कोडॅकलाच ग्रासलें, आणि २०१२ च्या जानेवारींत त्या कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. आपल्याकडे उटीस सरकारनें १९६० सालीं हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना काढला होता. ‘इंदु’ ही त्याची फिल्म. तोही याच लाटेंत बुडाला. आतां वाट पाहण्याचा काळ शून्य झाला आहे. बोट दाबतांच चित्र पाठीमागच्या काचेवर हजर.

ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीस माउलींच्या पालखीचें प्रस्थान होतें. मानाच्या दिंड्या देवळांत येतात, अंकलीहून आलेले घोडे येतात, टाळ-मृदंगांचा गजर चढत चढत एका टोकास पोहोंचतो, आणि देवळाचा कळस हालला म्हणजे माउलींनीं निघण्याची अनुज्ञा दिली असें भाविक मानतात. त्या क्षणीं वारकऱ्यांचे हात टाळांवर असतात. भोंवतीं जमलेल्या आम्हां प्रेक्षकांचे हात मोबाईल उंच धरून असतात. याची थट्टा पुष्कळांनीं केली आहे, ती आम्हांला करावयाची नाहीं. आमचें लक्ष त्याच्या पुढच्या क्षणाकडे आहे. चित्र घेतलें कीं घेणाऱ्याची मान खालीं जाते. आलें कीं नाहीं तें तो पाहतो, पुनः घेतो, पुनः मान खालीं. आमच्या मतें सारें प्रकरण या खालीं जाणाऱ्या मानेंत आहे. कळस वर आहे आणि डोळे तळहाताकडे आहेत. प्रसंग चालू असतांनाच त्याचा निकाल मागावयाचा, आणि निकाल मनासारखा नसेल तर प्रसंगानेंच पुनः उभें राहावें अशी अपेक्षा करावयाची, ही संवय हळूहळू कॅमेऱ्यांतून माणसांत उतरते.

रोलच्या कॅमेऱ्यांत ही सोय नाहीं. शटर क्षणभर उघडून मिटलें म्हणजे चांदीच्या क्षारांच्या सूक्ष्म कणांवर प्रकाशाचा संस्कार होतो. चित्र झालेलें असतें, पण तें दिसत नाहीं. शास्त्रज्ञ त्याला सुप्त प्रतिमा म्हणतात. अंधारांत रसायनांत बुडेपर्यंत ती तशीच निजून राहते, आठवडा किंवा वर्षही. तोंवर घेणाऱ्याच्या हातीं आलेल्या चित्राचा अभिमान नाहीं, गेलेल्या चित्राची हळहळ नाहीं. त्याच्यापुढें फक्त चालू असलेला प्रसंग आहे.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ चाकणच्या एका कारखान्यांत इंजिनिअर आहेत आणि राहतात आळंदीस. बारा वर्षें त्यांनीं वारीचीं चित्रें डिजिटल कॅमेऱ्यानें घेतलीं; एकेका प्रस्थानास दोन दोन हजार. तीं सगळीं संगणकांत सुरक्षित आहेत, आणि त्यांतील बहुतेक त्यांनीं स्वतः दुसऱ्यांदां पाहिलेलीं नाहींत. त्यांना कंटाळा आला तो चित्रांचा नव्हे. एखादें चांगलें निघालें तरी तें आपण काढलें असें वाटेनासें झालें. सुपांतले खडे वेंचावे तसे आपण नको असलेलें काढून टाकतों, एवढेंच आपलें काम उरलें आहे, असें ते म्हणत. पुढें घरच्या ट्रंकेंत वडिलांचा आग्फा क्लिक थ्री सांपडला. एके काळीं आपल्या मध्यमवर्गीय घरांतून सर्रास दिसणारा हा कॅमेरा म्हणजे एक काळी पेटी. तींत ऊन आणि ढग यांच्या खुणा. एका रोलवर बारा चौकोनी चित्रें. वारीच्या एका दिवसाला एक रोल असा त्यांनीं नेम केला. आतां ते घाटावर अर्धा अर्धा तास नुसते उभे असतात. न काढलेलीं चित्रेंच आपल्याला अधिक आठवतात, असें त्यांचें म्हणणें आहे. त्यांत थोडी हौशी माणसाची अतिशयोक्ति धरली तरी उरतें तें पुष्कळ आहे.

यावर कोणीही समंजस वाचक विचारील कीं, हा संयम डिजिटल कॅमेऱ्यानें कां पाळूं नये? बाराच चित्रें घ्या, काचेवर कागद चिकटवा, आणि महिनाभर पाहूं नका. कोठारांत धान्य नाहीं म्हणून उपाशी राहणें हें एकादशीचें व्रत नव्हे. कोठार भरलेलें असतां जो जेवत नाहीं त्याचाच उपास खरा. मग ज्याच्या कॅमेऱ्यांत तेरावें चित्रच नाहीं त्याच्या संयमाचें कौतुक काय?

आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो व्रताचा अर्थ फार अरुंद करतो. मनुष्य केवळ मनोनिग्रहावर जगत नाहीं. तो आपल्या निग्रहाला बाहेरच्या वस्तूंचा आधार शोधतो, आणि तो आधार कोणता घ्यावा हें ठरविण्यांतच त्याचें स्वातंत्र्य असतें. गळ्यांत माळ घालणारा वारकरी हेंच करतो. माळ घातली नसती तरी त्याला अभक्ष्य वर्ज्य करतां आलें असतें. पण माळ घातल्यावर तो प्रश्न रोज नव्यानें सोडवावा लागत नाहीं. रोल हा दारिद्र्यानें लादला असेल तर तें केवळ दारिद्र्य. दुकानांत जाऊन, दुसरी वाट मोकळी असतां, तो विकत घेतला तर गोष्ट बदलते.

आणि वारीचाच दाखला घ्यावयाचा तर पुरा घ्यावा. आळंदीहून पंढरपूर सुमारें अडीचशे किलोमीटर, एस.टी. कांहीं तासांत नेते. पालखीबरोबर चालणारा अठरा-एकोणीस दिवस घेतो. त्यांतही गंमत अशी कीं, प्रस्थानानंतरचा पहिला मुक्काम आळंदींतच, आजोळघरीं; म्हणजे निघूनही माउली त्या रात्रीं गांवांतच असतात. वेग हें ज्याचें माप आहे त्याला हें समजणें कठीण. पण आषाढीनंतर तेच बहुतेक वारकरी एस.टी.नें किंवा ट्रकनें घरीं परततात, आणि त्यांत त्यांना कांहीं विसंगत वाटत नाहीं. त्यांचें वाहनाशीं वैर नाहीं. जें चालून करावयाचें तें त्यांनीं चालून केलें. परतणें हें नुसतें परतणें आहे. रोलच्या भक्तांपैकीं जे डिजिटलचा द्वेष करूं लागतात त्यांनीं इतकें तरी ध्यानांत घ्यावें. कोडॅकच्या कारखान्यांतून निघालेला कोडाक्रोमचा अखेरचा रोल अमेरिकन छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी याच्या हातीं आला. त्याच्या छत्तीस चित्रांपैकीं कांहीं त्यानें मुंबईंत आणि राजस्थानांत घेतलीं, आणि २०१० सालीं तो रोल कॅन्सस संस्थानांत धुवून घेतला. या रोलसाठीं प्रकाश आणि रचना आधीं डिजिटल कॅमेऱ्यावर पडताळून पाहिल्याचें त्यानें मोकळेपणानें सांगितलें आहे. शुद्धतावाद्यांस हें रुचत नाहीं. आम्हांस त्यांत लबाडी दिसत नाहीं.

वाट पाहणें हा स्वतःच गुण आहे असेंही आमचें म्हणणें नाहीं. तसें असतें तर प्रत्येक एस.टी. स्टँडावर साधु भेटले असते. दादासाहेब फाळके यांनीं भांडवलवाल्यांची खात्री पटविण्यासाठीं कुंडींत वाटाणा पेरला, आणि रोज थोडें थोडें चित्र घेऊन त्याच्या अंकुराची वाढ टिपली. महिन्याभराची ती वाट पडद्यावर मिनिटा-दोन मिनिटांत संपे. पण त्या महिन्यांत त्यांनीं त्या रोपाकडे जितक्या वेळां पाहिलें तितक्या वेळां कोणा माळ्यानेंही पाहिलें नसेल. पुढें ‘राजा हरिश्चंद्रा’च्या वेळीं, म्हणजे १९१३ च्या सुमारास, दिवसा चित्रण आणि रात्रीं घरीं फिल्म धुणें असा क्रम चाले, आणि सरस्वतीबाई फाळके त्यांत राबत. अशा वाट पाहण्यांत हात रिकामे नसतात.

डिजिटलच्या बाजूनें सर्वांत वजनदार मुद्दा मात्र वेगळाच आहे, आणि तो रोलच्या चाहत्यांच्या तोंडून सहसा ऐकूं येत नाहीं. ज्या काळाचे गोडवे आपण गातों त्या काळीं शेतमजूर बाईचा जन्मांत एखादा फोटो निघे, पुष्कळींचा तोही नाहीं. आज मराठवाड्यांतून आलेली तीच बाई इंद्रायणीच्या घाटावर उभी राहून आपलें चित्र घटकाभरांत नातवाला धाडते. एका रोलला हजाराच्या आसपास रुपये आणि धुण्याचा खर्च निराळा, हा हिशेब जिला परवडत नाहीं तिला मोजक्या चित्रांचा महिमा सांगणें हा उद्धटपणा होईल. तिला चित्रें अजून पुरेशीं मिळालेलींच नाहींत. तेव्हां मर्यादेचा हा विचार ज्यांच्याजवळ अति झालें आहे त्यांच्यापुरताच आहे, आणि आमच्या दृष्टीनें त्यांतला नैतिक भाग आहे तो चित्र घेणारा आणि ज्याचें चित्र घेतलें तो माणूस, या दोघांमधला.

त्या इंजिनिअर गृहस्थांनीं घाटावर एका वृद्ध वारकरी बाईचें चित्र काढलें. बारांतलें एक खर्चावयाचें म्हणून आधीं तिला विचारलें, “आजी, एक फोटो काढूं का?” तिनें डोईवरचें तुळशीवृंदावन खालीं ठेवलें, पदर सारखा केला, आणि “काढ बाबा” म्हणून उभी राहिली. एकदांच बटण दाबलें. तीन आठवड्यांनीं रोल धुतला तेव्हां दिसलें कीं तिचे डोळे मिटलेले आहेत. डिजिटल कॅमेरा असता तर त्याच जागीं तिला दुसऱ्यांदां, तिसऱ्यांदां उभें केलें असतें, आणि मिटलेल्या डोळ्यांची ती बाई तिच्यासमक्षच पुसून टाकली असती. आपल्याला हवी तशी ती मिळेपर्यंत तिला खर्चीत राहण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळाला, हा प्रश्न त्या वेळीं सुचलाही नसता. चित्र त्यांनीं मोठें करून घेतलें आहे. ती उभी कशी राहिली तें त्यांत पुरतें दिसतें.

एवढें झालें तरी रोलचा कॅमेरा सोंवळ्यांतला आहे असें कोणी समजूं नये. फिल्मवरचे चांदीचे कण ज्या लेपांत बसविलेले असतात तें जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून निघतें. माळकऱ्याचें चित्र अखेर त्याच पट्टीवर उमटतें. चित्र पक्कें करणाऱ्या हायपोंत चांदी उतरते, आणि ती पाण्यांतल्या जीवांना बाधते. इंद्रायणीच्या पाण्याची दशा तर सर्वांस ठाऊक आहे. भोंवतालच्या वस्त्यांचें सांडपाणी आणि कारखान्यांचें रसायन यांनीं ती अलीकडच्या वर्षांत आळंदीस वारंवार फेंसाळते, आणि त्या पांढऱ्या फेंसांत भाविक स्नान करतांनाचीं चित्रें वर्तमानपत्रांत येतात. आमचे हे गृहस्थ काळे-पांढरे रोल घरींच मोरींत धुतात. वापरलेल्या हायपोंत लोखंडी तारेचा कीस टाकून चांदी खालीं बसविण्याची रीत त्यांनीं शिकून घेतली आहे, आणि उरलेलें पाणी ते प्लास्टिकच्या डब्यांत भरून ठेवतात. तसे तीन डबे आतां गच्चीवर सांठले आहेत. त्यांच्या घरची मोरी गटारास मिळते आणि गटार नदीस, म्हणून तें मोरींत ओतावयास त्यांचा हात धजत नाहीं. आणि दुसरें कोठें ओतावें हें त्यांना अद्याप कोणी सांगितलेलें नाहीं.