फसलेल्याचा दोष किती?

‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिच्यात फसवणाऱ्याविषयी एक अक्षर नाही. सारा रोख फसणाऱ्यावर आहे. बँकेच्या नावाने उभारलेले खोटे संकेतस्थळ खरे मानून कोणी आपली पुंजी गमावली, की घरातील माणसेच त्याला प्रथम विचारतात, “तुझे डोळे कुठे होते?” या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. खऱ्या-खोट्यातील फरक डोळ्यांना दिसण्याजोगा होता, आणि या माणसाने तो पाहिला नाही. हे गृहीत खरे असेल तर दोष त्याचा आहे. ते खरे नसेल तर मात्र आपण दुखावलेल्या माणसावर आणखी एक अन्याय करीत आहोत. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करावा असे आम्हांस वाटते.

त्यासाठी थोडी तांत्रिक माहिती घेणे अवश्य आहे. संगणकावर किंवा मोबाइलवर ज्या साधनातून आपण संकेतस्थळे पाहतो त्याला ब्राउझर म्हणतात. त्याच्या पडद्याचे दोन भाग असतात. वरची पट्टी ब्राउझरच्या स्वतःच्या ताब्यात असते. आपण कोणत्या पत्त्यावर आलो आहोत हे ती सांगते. तिच्या खालचा सारा भाग त्या संकेतस्थळाच्या मालकाचा. तेथे तो काय वाटेल ते चितारू शकतो: बँकेचे बोधचिन्ह, तिचे रंग, खाते क्रमांकाचे आणि गुप्त शब्दाचे रकाने. दस्तात पक्षकार हवे ते लिहितो, पण त्यावरचा शिक्का निबंधकाचा असतो. तसाच काहीसा हा प्रकार आहे. खालचे चित्र कितीही हुबेहूब असो, साक्ष द्यायची ती वरच्या पट्टीने.

परंतु ही साक्षही खोटी पाडता येते, हे जाणकारांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९९७ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे एडवर्ड फेल्टन आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की खोटे पान स्वतःच खोटी पत्त्याची पट्टी रंगवू शकते. २००२ साली इस्रायलमधील टेक्निऑन या संस्थेच्या दोघा संशोधकांनी मायक्रोसॉफ्टच्या नावाचा एक पत्ता नोंदवला. त्यातील काही अक्षरे रोमन नसून रशियन लिपीतील होती. रशियनमध्ये ‘स’ या ध्वनीचे अक्षर रोमन ‘सी’सारखेच दिसते. संगणकाच्या लेखी ती दोन निराळी अक्षरे. मनुष्याच्या डोळ्याला मात्र एकच. २०१७ साली याच युक्तीने ॲपल कंपनीचे नाव संपूर्ण रशियन लिपीतील अक्षरांत उभे राहिले, आणि क्रोम व फायरफॉक्स या प्रसिद्ध ब्राउझरांनी ते जसेच्या तसे दाखवले. त्याआधी २०१६ साली पाकिस्तानातील संशोधक रफाय बलोच यांनी दाखवले होते की उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या अरबी अक्षरांची सरमिसळ केली तर पत्त्यातील भागांचा क्रमच उलटा दिसू लागतो, आणि भलतेच नाव पुढे येते. मोबाइलवर तर पान वर सरकवले की जागा वाचावी म्हणून पत्त्याची पट्टी लपते; त्या मोकळ्या जागी खोटे पान आपली पट्टी काढून ठेवू शकते, हे २०१९ साली उघड झाले. यांतील अनेक उणिवा पुढे दुरुस्त झाल्या. पण एक बुजवली की दुसरी सापडते, असाच आजवरचा अनुभव आहे.

अक्षरांचा हा घोटाळा आपल्याला परका नाही. आम्ही राहतो त्या खापा गावाच्या नावातच तो दडला आहे. देवनागरीच्या जुन्या वळणात ‘ख’ हे अक्षर ‘र’ आणि ‘व’ शेजारी ठेवल्यासारखे दिसे; ‘खाना’ लिहिले की ‘रवाना’, असा संभ्रम पडे. म्हणून प्रमाण वळणात ‘ख’ मधल्या ‘र’चा पाय पुढच्या भागाला जोडून घेण्यात आला. येथे एक बोधाची गोष्ट आहे. वाचणाऱ्यांचा गोंधळ होतो असे दिसल्यावर कोणी त्यांना मूर्ख ठरवले नाही, अक्षर सुधारले. २०१४ पासून संकेतस्थळांचे पत्ते ‘डॉट भारत’ या शेवटासह देवनागरीतही नोंदवता येतात, तेव्हा सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची ही काळजी आता आपल्याही लिपीला वाहावी लागणार आहे.

‘शिकलेला माणूस फसत नाही’ असेही आपण मानतो. २००६ साली अमेरिकेतील तिघा संशोधकांनी बावीस जणांपुढे वीस संकेतस्थळे ठेवली, आणि यांतील खरी कोणती व खोटी कोणती हे ओळखा, असे आधीच सांगून ठेवले. तरीही त्यांतील सर्वांत बेमालूम खोट्या स्थळाने शंभरातील नव्वद या प्रमाणात लोकांना चकवले. शिक्षण, वय, संगणकाचा सराव यांपैकी कशाचाही उत्तरांवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. ‘पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह पाहा, मग निश्चिंत राहा’ असा सल्ला आपल्याला वर्षानुवर्षे मिळाला. कुलपाचा अर्थ इतकाच होता की आपण पाठवलेला मजकूर वाटेत कोणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला मनुष्य प्रामाणिक आहे, असे ते कुलूप कधीच सांगत नव्हते. गूगलच्या २०२१ मधील पाहणीत शंभरातील अकराच जणांना हा अर्थ नेमका ठाऊक होता. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने संगणकावरील ते चिन्हच बदलले. म्हणजे जी खूण पाहून लोक विश्वास ठेवीत होते, ती खूणच दिशाभूल करीत होती.

आता नीतीच्या प्रश्नाकडे वळू. उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायातील इसहाकाची कथा वाचकांना परिचित आहे. त्याची दृष्टी गेली होती, पण तो बेसावध नव्हता. त्याने नाव विचारले, हात चाचपून पाहिले, वस्त्रांचा वास घेतला. आवाज याकोबाचा वाटल्याने शंकाही घेतली. तरी तो फसला, कारण ज्या खुणांनी तो पारख करणार होता त्याच आधी बनवून ठेवल्या होत्या. इसहाकाला दोष देणारा वाचक आम्हांस अद्याप भेटलेला नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी ढोंगाचा विचार करताना म्हटले आहे की असत्य केवळ शब्दांनी बोलले जाते असे नाही. कृतीने आणि बाह्य रूपानेही ते बोलता येते, आणि त्याचा दोष शाब्दिक असत्याइतकाच असतो. खोट्या पानावर कदाचित एकही खोटे वाक्य नसेल. त्याचे रूप हेच असत्य. तेव्हा पहिला आणि मोठा दोष ते रूप घडवणाऱ्याचा, यात संशय नको.

दुसरा वाटा कोणाचा? २०१३ साली महाराष्ट्राच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांसमोर पुण्याच्या पूना ऑटो ॲन्सिलरीज या कंपनीचे प्रकरण आले. बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या ई-पत्राला उत्तर दिल्यानंतर तिच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले होते. सचिवांनी बँकेला ४५ लाख भरपाई देण्याचा आदेश दिला. ज्या खात्यांत पैसे वळवले गेले ती उघडताना बँकेने नीट पारख केली नाही, असा ठपका होता. आणि खोट्या पत्राला उत्तर दिले म्हणून उरलेला भार तक्रारदारावर राहिला. आकड्यांविषयी मतभेद होऊ शकतील, पण त्यामागील विचार आम्हांस विवेकाचा वाटतो. ज्याच्या हाती खऱ्याची खूण स्पष्ट करण्याची शक्ती आहे त्याच्यावर तसे करण्याचे कर्तव्यही येते. भारतीय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये देशातील बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा राखीव पत्ता जाहीर केला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर येण्यास सांगितले. वाचणाऱ्यांसाठी अक्षर सुधारावे, तसेच हे पाऊल आहे. मात्र पट्टीच खोटी रंगवली असेल तर हा पत्ताही खोटा रंगवता येईल, हे विसरू नये.

कोणी म्हणेल, फसलेल्याला असे मोकळे सोडले तर लोक सावध कशाला राहतील? ‘सावध तो सुखी’ हे आम्हांसही मान्य आहे. पण कर्तव्य असे असावे की जे सामान्य मनुष्याला पाळता येईल. दोन सारख्या अक्षरांतील अदृश्य फरक ओळखणे हे कोणाचे कर्तव्य होऊ शकत नाही. कोणत्या वाटेने आत शिरावे हे मात्र आपल्या हाती असते. निरोपातून आलेल्या दुव्यावरून बँकेत जाऊ नये. पासबुकावरून पाहिलेला पत्ता स्वतः लिहावा. शंका येताच शाखेत जाऊन विचारावे. चेहऱ्याची पारख आपल्याला साधेलच असे नाही, वाटेची निवड साधते. खाप्याच्या हातमागाचे कापड घेणारा ते बोटांनी चाचपून पाहू शकत असे; पडद्यावरची वस्तू चाचपता येत नाही, म्हणून ती कोणी आणून दिली हे पाहणेच उरते.

आणखी एक कर्तव्य आहे आणि ते घरच्यांचे आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे ठरले होते की दोष ग्राहकाचा नाही आणि बँकेचाही नाही, तर अन्यत्र आहे, अशा व्यवहाराची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिल्यास ग्राहकावर भार पडू नये. आणि त्याच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असले तरी खबर दिल्यानंतरचा तोटा बँकेने सोसावा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवायचे असतील तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर शक्य तितक्या लवकर कळवावे लागते. परंतु बोलणी खाण्याच्या भीतीने वडील मुलापासून लपवतात, सून सासूपासून लपवते, आणि तो मोलाचा वेळ लाजेत निघून जातो. आपण उच्चारलेला “तुझे डोळे कुठे होते?” हा प्रश्न चोराला मदत करतो. आपल्या घरात कोणावर हा प्रसंग आला तर प्रथम इतकेच विचारावे, “किती वाजता झाले?” आणि लगेच दूरध्वनी हाती घ्यावा. बाकीचे बोलणे नंतर, त्याचे मन शांत झाल्यावर.